कमी उजेडात आपला कॅमेरा नेमका कसा वागतो?

काजवा:

कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत आयएसओची (कॅमेरा चित्र किती उजळवतो याचा आकडा) १०० पासून ५१२०० पर्यंत आकड्यांची शिडी दिलेली असते. या शिडीच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात, हे मात्र तिथे सहसा सापडत नाही. एखाद्या कॅमेऱ्यात ५०० ला सावलीत जेवढे दाणे (बारीक ठिपक्यांची खरखर) दिसतात त्यापेक्षा ६४० ला कमी दिसतात. एखाद्यात २५६०० पर्यंत चित्र टिकतं आणि पुढच्या पायरीला एकदम आडवे पट्टे उमटतात. भर उन्हात याने काही बिघडत नाही. दिवे मंद झाले की मात्र हे माहीत असणं आणि नसणं यात फार फरक पडतो, आणि तेव्हा चाचण्या करत बसायला वेळ नसतो. म्हणून हा धागा. आपापल्या कॅमेऱ्याच्या कमी उजेडातल्या खोडी आणि त्या कशा शोधल्या, हे इथे एकत्र करू या.

मी नवा कॅमेरा हातात आला की पहिली चाचणी करते ती लेन्सवर झाकण लावून. खोलीत अंधार, डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर डोळ्याच्या खिडकीवरही काळं कापड. शटर १/५० वर कायम. रॉ मध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) १०० पासून सुरुवात करून आयएसओच्या प्रत्येक खाचेला एकेक फोटो. नंतर संगणकावर सगळ्या फ्रेम सारख्याच, म्हणजे चार स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), उजळवायच्या आणि शंभर टक्के आकारात ओळीने पाहायच्या. २००, २५०, ३२०, ४००... दाणे वाढत जातात, वाढत जातात आणि मध्येच एका खाचेला चक्क कमी होतात. तिथून पुन्हा वाढायला लागतात. ती खाच लिहून ठेवायची. व्हिडिओसाठी हेच लॉग प्रोफाइलमध्ये (फिकट, सपाट चित्र, रंग नंतर भरायचे), प्रत्येक खाचेला दहा सेकंद. साध्या प्रोफाइलमध्ये काळा रंग आधीच दाबलेला असल्यामुळे फरक लपतो.

ही खाच येते कुठून? आजकालच्या बऱ्याच सेन्सरमध्ये प्रत्येक पिक्सेलला दोन पद्धतींनी काम करता येतं. एका पद्धतीत तो जास्त विद्युतभार साठवतो, त्यामुळे प्रखर भाग सांभाळले जातात. दुसऱ्या पद्धतीत साठवण कमी, पण मोजताना होणारी खरखर बरीच कमी. ठरावीक आयएसओला कॅमेरा पहिलीवरून दुसरीवर उडी मारतो. काही कंपन्या हे उघड सांगतात. पॅनासॉनिकच्या जीएच५एसच्या (२०१८) जाहिरातीतच ‘ड्युअल नेटिव्ह आयएसओ’ होतं. ब्लॅकमॅजिकच्या पॉकेट ४के मध्ये मूळ आयएसओ ४०० आणि ३२००, आणि १००० पर्यंत एक सर्किट, १२५० पासून दुसरं. सोनीच्या एफएक्स३ मध्ये एस-लॉग३ (सोनीचं लॉग प्रोफाइल) ला ८०० आणि १२८००. साध्या फोटो कॅमेऱ्यांमध्येही अशी उडी असते, फक्त तिचा गाजावाजा नसतो. त्यामुळे पॉकेट ४के वर १००० ला शूट करणाऱ्याने १२५० वर जावं, सावल्या स्वच्छ होतील. आकडा कमी तो चांगला, हा नियम इथे लागू पडत नाही.

दुसरी चाचणी. ट्रायपॉडवर कॅमेरा, खोलीत एकच दिवा, कोपऱ्यात गडद रंगाचं काहीतरी. आयएसओ ३२०० ला एक्स्पोजर बरोबर येईल असं शटर आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) ठरवायचं आणि मग ते हलवायचं नाही. १६००, ८००, ४००, २००, १०० अशा फ्रेम घ्यायच्या. दिसायला त्या काळ्या होत जातील. संगणकावर त्या अनुक्रमे १, २, ३, ४, ५ स्टॉप उजळवून ३२०० च्या शेजारी ठेवायच्या. काही कॅमेऱ्यांत ८०० ची उजळवलेली फ्रेम आणि ३२०० ची फ्रेम यांत फरक सापडत नाही. काहींत १०० वाली हिरवी-जांभळी होऊन जाते. आपला कॅमेरा यांपैकी कोणता, हे त्या कोपऱ्यातल्या गडद वस्तूकडे पाहिलं की कळतं.

तुमच्या कॅमेऱ्यात उडी कुठे आहे?

नवखी:

ताई, मूळ मुद्द्यातच गोंधळ आहे माझा. आयएसओ वाढवला की दाणे येतात, म्हणून ८०० च्या वर जाऊ नकोस असं मला सगळ्यांनी सांगितलंय. मी इमानेइतबारे ८०० ला थांबते. फोटो काळपट येतात, मग उजळवते, आणि सावलीत जांभळट डाग येतात. मग ८०० ला थांबून मिळवलं काय?

काजवा:

नवखी, दाण्यांचं खरं कारण उजेडाची कमतरता. आयएसओवर त्याचं खापर उगाच फुटतं. प्रकाश कणाकणाने येतो आणि ते कण कधीच अगदी सारख्या संख्येने येत नाहीत. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० कण पडत असतील तर त्यात १०० इतका चढउतार असतोच, म्हणजे एक टक्का. तिथेच फक्त १०० कण पडले तर चढउतार १० चा, म्हणजे दहा टक्के. हे दहा टक्के म्हणजेच तुला दिसणारे दाणे. आयएसओ कितीही ठेवला तरी ते चुकत नाहीत. ते कमी करायचे तर तीनच मार्ग: शटर जास्त वेळ उघडं, अ‍ॅपर्चर मोठं, नाहीतर दिवा जवळ.

तू ८०० ला थांबतेस तेव्हा सेन्सरवर उजेड तेवढाच पडतो. फक्त वाढवायचं काम कॅमेऱ्याऐवजी संगणक करतो, आणि त्या वाढवण्यात मोजणीची खरखरही वाढते. तुझे जांभळट डाग बहुधा तेच आहेत. ३२०० लावून बघ.

बारा_बिट:

काजवाशी सहमत, एक पुरवणी जोडतो. दुसऱ्या चाचणीतलं ‘काळं काढा, मग उजळवा’ हे फक्त रॉ मध्ये आणि फक्त ज्या कॅमेऱ्यांत जमतं त्यांतच. जेपेगमध्ये सावलीतला तपशील आधीच फेकलेला असतो. आठ बिटच्या व्हिडिओत (बिट कमी तितक्या रंगाच्या छटा कमी) तर दोन स्टॉप उचललं तरी भिंतीवर नकाशासारख्या रेषा दिसायला लागतात.

कॅमेऱ्यात जमत असेल तर फायदा मात्र मोठा आहे. चौकात दुकानांच्या पाट्या आणि पथदिवे एका फ्रेममध्ये असले की ३२०० ला पाट्या जळतात. तेच शटर-अ‍ॅपर्चर ठेवून ८०० ला काढलं तर प्रखर भागाला दोन स्टॉप जास्त जागा मिळते, सावल्या नंतर उचलता येतात.

आणखी एक खोड तपासा. इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की काही कॅमेरे १४ बिटऐवजी १२ बिटमध्ये रॉ लिहितात. दिवसा पत्ता लागत नाही. रात्री सावली तीन-चार स्टॉप उचलली की लागतो. आवाज नको म्हणून सायलेंट मोडवर ठेवणाऱ्यांनी एकच फ्रेम दोन्ही शटरने काढून सावली उचलून पाहावी.

आणि एकतृतीयांश स्टॉपचे आकडे. काही डीएसएलआरमध्ये १६०, ३२०, ६४० हे १२५, २५०, ५०० पेक्षा स्वच्छ दिसतात, कारण तिथे १६० म्हणजे २०० ला काढून सॉफ्टवेअरने थोडं खाली आणलेलं, आणि १२५ म्हणजे १०० ला काढून वर ढकललेलं. १६० ला सावली सुधारते, पण प्रखर भागातली तेवढीच जागा जाते. व्हिडिओवाल्यांनी १६० च्या पटी उगाच पाठ केलेल्या नाहीत, पण हा नियम सगळ्या कॅमेऱ्यांना लावू नका.

रंगपीठ:

छान धागा. मी नाटकं आणि नृत्याचे कार्यक्रम काढतो, त्यामुळे माझ्या अडचणी दाण्यांच्या कमी आणि रंगीत एलईडीच्या जास्त.

निळा किंवा लाल एलईडी पूर्ण जोरात असला की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर सपशेल फसतो. सेन्सरच्या चार पिक्सेलांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. फक्त निळा उजेड असेल तर चारातला एकच पिक्सेल धड काम करतो. मीटरला वाटतं अंधार आहे, तो एक्स्पोजर वाढवतो, आणि नर्तकीचा चेहरा निळ्या रंगाचा सपाट तुकडा होतो. ना नाक, ना भुवई. पांढरा हिस्टोग्राम (डावीकडे काळं, उजवीकडे प्रखर असा उजेडाचा आलेख) तेव्हाही मध्यावर निवांत दिसत असतो. म्हणून तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा आणि त्यातला निळा उजव्या भिंतीला चिकटला की लगेच एक स्टॉप खाली या. माझ्या कॅमेऱ्यात निळा लालपेक्षा आधी फुटतो, तुमच्यात उलट असू शकेल. एका रंगीत दिव्याखाली अर्धा-अर्धा स्टॉप वाढवत फ्रेम काढल्या की समजतं. हिस्टोग्राम जेपेगवरून काढलेला असतो, त्यामुळे रॉ मध्ये थोडी जागा उरलेली असते. ती किती, हेही याच चाचणीत कळतं.

नाटकात एक पात्र उजेडात आणि मागे काळा पडदा, हे तर ठरलेलं. मीटर संपूर्ण चौकटीला मध्यम करड्या रंगावर आणायला बघतो, म्हणजे पडदा करडा आणि चेहरा पांढराफटक. मी सरळ मॅन्युअलवर जातो, चेहऱ्यावर स्पॉट मीटरने मोजतो आणि दिवे बदलले की डायल फिरवतो.

आता दिव्यांच्या लुकलुकीने फोटोत उमटणारे पट्टे. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असेल तिथे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, ६० हर्ट्झ असेल तिथे १२० वेळा. त्यामुळे एकीकडे १/५० किंवा १/१००, दुसरीकडे १/६० किंवा १/१२० हे शटर सुरक्षित. मंचावरच्या एलईडींची लुकलुक याहून खूप वेगळी आणि वेगवान असते, तिथे हे आकडे कामाचे नाहीत. काही कॅमेऱ्यांत शटर अगदी बारीक, १/१२५.३ वगैरे करता येतं. तालमीला जाऊन स्क्रीनवर पट्टे थांबेपर्यंत ते फिरवायचं आणि आकडा टिपून ठेवायचा. कॅननने ७डी मार्क २ मध्ये (२०१४) दिव्याची लय ओळखून, उजेड सर्वाधिक असतानाच शटर उघडण्याची सोय दिली होती. आता ती अनेक कॅमेऱ्यांत असते, मेनूत बंद करून ठेवलेली सापडते. साध्या दिव्यांखाली ती जरूर चालू करा.

बारा_बिट:

रंगपीठ, पट्ट्यांवरून एक मस्त चाचणी आठवली. सेन्सर वरून खाली वाचायला किती वेळ घेतो हे ते पट्टेच सांगतात. स्पष्ट लुकलुकणाऱ्या दिव्याखाली पांढरी भिंत, इलेक्ट्रॉनिक शटर, १/२००० च्या आसपास. फोटोत काळे पट्टे मोजा. ५० हर्ट्झच्या विजेवर प्रत्येक पट्टा म्हणजे १० मिलिसेकंद. पाच पट्टे दिसले तर वाचन ५० मिलिसेकंद, म्हणजे १/२० सेकंद. एवढ्या संथ सेन्सरवर नाचणारे हात वाकडे येणार, मेकॅनिकल शटरच वापरा. एक-दोनच पट्टे असतील तर बिनधास्त सायलेंट मोड.

रंगपीठ:

हे भारी आहे! उद्याच करतो.

सावलीवेडा:

तुम्ही सगळे दाण्यांच्या मागे लागला आहात, म्हणून विरोधी सूर. दाणे नंतर काढता येतात, हललेला चेहरा नंतर सरळ होत नाही. मी शटर आधी ठरवतो: बसून बोलणारा माणूस १/१२५, चालणारा १/२५०, नाचणारा १/५००. मग आयएसओ जाईल तिथे जाऊ दे. ऑटो आयएसओत किमान शटर ठरवायची सोय असते, ती न लावता ऑटो आयएसओला नावं ठेवणारे खूप भेटतात. सेन्सरचं स्टॅबिलायझेशन आपला हात सांभाळतं, समोरच्याची हालचाल थांबवत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर माणसांना १/१५ ला काढू नका.

आणि फोकस! जाहिरातीत ‘उणे ६ ईव्हीपर्यंत फोकस’ लिहितात (ईव्ही हे उजेडाचं माप, जितकं उणे तितका अंधार), तो आकडा मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स लावून मोजलेला असतो. कॅननच्या ईओएस आर चा (२०१८) उणे ६ हा एफ १.२ लेन्सवरचा आणि मधल्या बिंदूवरचा आहे. एफ ४ ची झूम लावलीत तर साडेतीन स्टॉप उजेड आधीच गेला.

त्यात एक छुपी खोड. काही मिररलेस (बिनआरशाचे) कॅमेरे फोकस करताना लेन्स पूर्ण उघडतात, काही तुम्ही ठरवलेल्या अ‍ॅपर्चरवरच फोकस करतात. एफ ८ ठेवलंत तर दुसऱ्या प्रकारचा कॅमेरा अंधारात चाचपडत राहतो. तपासायला सोपं: कॅमेरा आपल्याकडे तोंड करून धरा, एफ ८ ठेवा, शटर अर्धं दाबा आणि लेन्सच्या आत बघा. पाती उघडून पुन्हा मिटतात की मिटलेलीच राहतात, ते स्वच्छ दिसतं.

काजवा:

सावलीवेडा, शटर आधी हे मान्य. पण नंतर दाणे काढणं फुकटात होत नाही, पापण्यांचे केस आणि कापडाचा पोत त्यात पुसला जातो. म्हणून उडी कुठे आहे ते माहीत हवं. आयएसओ जाईल तिथे जाऊ द्यायचाच आहे, तर उडीच्या अलीकडे अडकण्यापेक्षा एक खाच पुढे गेलेला बरा.

पात्यांची चाचणी आत्ता केली. माझा कॅमेरा मिटलेल्या पात्यांनीच फोकस करतो. कमी उजेडात एफ ५.६ ला तो पुढे-मागे का करत बसतो, ते समजलं.

चलचित्र:

व्हिडिओवाल्यांसाठी लिहितो, कारण फोटोतले बरेच उपाय आम्हाला बंद आहेत. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर १/५० हे ठरलेलं शटर. अगदीच गरज पडली तर १/२५ वर जाऊन एक स्टॉप मिळतो. हालचाल थोडी पुसट होते, पण स्थिर मुलाखतीत खपून जाते. नाचात नाही.

रिझोल्यूशन आणि फ्रेमरेट बदलला की तोच कॅमेरा वेगळा वागतो. २५ फ्रेमला पूर्ण सेन्सर वाचणारा कॅमेरा ५० किंवा ६० ला कडा कापतो किंवा ओळी गाळतो, आणि दाणे एकदम जाड दिसतात. लोकांना वाटतं शटर दुप्पट केल्यामुळे झालं. शटर सारखं ठेवून दोन्ही फ्रेमरेट शेजारी लावा, मग कळेल दोष कशाचा.

कॅमेऱ्यातलं नॉइज रिडक्शन (दाणे पुसणं) व्हिडिओत काही ठिकाणी पूर्ण बंदच होत नाही. ते मागच्या फ्रेममधून उसनं घेतं, त्यामुळे अंधारात हात हलला की मागे सावलीसारखी शेपूट राहते. स्थिर चित्रावर चाचणी केलीत तर हे दिसणारच नाही. चाचणीत काहीतरी हलतं ठेवा.

लॉगबद्दल माझं ठाम मत: आठ बिट असेल आणि उजेड कमी असेल तर लॉग नको. लॉगचा फायदा प्रखर भागात, आणि तुमच्याकडे प्रखर असं काही नाहीच. दहा बिट असेल तर लॉग चालेल, पण एक ते दीड स्टॉप जास्त एक्स्पोज करून.

काजवा:

शेवटच्या वाक्यावर थोडी असहमती. एक-दीड स्टॉप जास्त एक्स्पोज करायला उजेडच नसेल तर तो आयएसओ वाढवून येतो, आणि लॉगमध्ये तेवढ्याने सेन्सरला जास्त प्रकाश मिळत नाही. जास्तीचा प्रकाश खरोखर उपलब्ध असेल तरच हा उपाय. बाकी शेपटीचा मुद्दा फार मोलाचा, माझ्या चाचणीत तो नव्हता. आता घड्याळाचा लंबक ठेवीन.

चलचित्र:

बरोबर. दिवा जवळ आणता येत असेल तरच, असं म्हणायला हवं होतं. आणि व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, कोणी पांढरा शर्ट घालून समोरून गेलं की संपूर्ण खोलीचा रंग सरकतो. पिवळ्या दिव्यांखाली ३२०० केल्विनच्या आसपास बांधून टाका. अशा उजेडात निळा रंग मुळातच कमी असतो, म्हणून निळ्या चॅनेलमध्ये दाणे सगळ्यात जास्त. पिवळेपणा पूर्ण घालवायचा हट्ट धरला की तेच दाणे फुगून वर येतात. थोडा पिवळा राहू द्या, डोळ्यालाही ती खोली तशीच दिसत होती.

खगोलवाटसरू:

आमचा प्रांत अर्ध्या मिनिटापासून पुढचा. ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ चालू असेल तर ३० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा शटर बंद ठेवून आणखी ३० सेकंद एक काळी फ्रेम घेतो आणि ती पहिल्यातून वजा करतो. तापलेले, ठिपक्यांसारखे चमकणारे पिक्सेल त्याने जातात, पण वेळ दुप्पट लागतो आणि ताऱ्यांच्या रेषांत खंड पडतो. मी ते बंद ठेवतो आणि शेवटी झाकण लावून त्याच आयएसओला, तेवढ्याच वेळाच्या काही काळ्या फ्रेम घेतो. त्याच तापमानाला घ्यायला हव्यात, घरी येऊन घेतलेल्या चालत नाहीत. सेन्सर तापला की ठिपके वाढतात.

काही कॅमेरे काही सेकंदांपुढच्या एक्स्पोजरला रॉ मध्येही ठिपके पुसतात, आणि त्यांच्यासोबत बारीक तारेही. सलग दोन फ्रेम काढा, एक त्या मर्यादेच्या आतली, एक बाहेरची. बारीक तारे गायब झाले तर समजा.

आणि स्क्रीनची चमक ऑटोवरून काढा. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि सरावलेल्या डोळ्यांना काळा फोटोही झगझगीत दिसतो. रात्री फक्त हिस्टोग्रामवर विश्वास.

नवखी:

सगळं वाचून दोन्ही चाचण्या केल्या. माझ्या कॅमेऱ्यात ३२० पर्यंत दाणे वाढतात, ४०० ला घटतात, मग परत वाढत जातात. ८०० ची फ्रेम दोन स्टॉप उजळवली तर ३२०० पेक्षा किंचितच वाईट, १०० वाली मात्र बघवत नाही. सावलीतले डाग मी आयएसओ टाळल्यामुळेच येत होते, हे डोळ्यांनी दिसलं!

एक शंका उरली. माझा फोन याच खोलीत हातात धरून इतका स्वच्छ फोटो कसा काढतो? त्याचा सेन्सर तर नखाएवढा.

बारा_बिट:

फोन एक फोटो काढत नाही, अनेक काढून एकावर एक बसवतो. चार फ्रेमची सरासरी घेतली की दाणे निम्मे, सोळांची घेतली की पाव. तुझ्या कॅमेऱ्यानेही जमतं. ट्रायपॉड, एक्स्पोजर आणि फोकस मॅन्युअल, सोळा रॉ फ्रेम, मग संगणकावर थर लावून सरासरी. मध्ये कोणी हललं तर सरासरीऐवजी मीडियन (सगळ्या फ्रेममधली मधली किंमत) घे, हलणारा माणूस गळून जातो. ज्याचा फोटो काढायचा तोच हलत असेल तर मात्र हा उपाय नाही.

नवखी:

आणि शेवटचं. मुलाखत काढायची आहे, एका दिव्यात, व्हिडिओ. एक्स्पोजर ३२० ला बरोबर बसतंय. ३२० ठेवू की ४००?

चलचित्र:

४००, आणि अ‍ॅपर्चर एकतृतीयांश स्टॉप मिटव. चेहऱ्यामागे उघडा बल्ब किंवा खिडकी दिसत असेल तर मात्र ३२० च, उडीनंतर प्रखर भागाची जागा कमी होते.

काजवा:

शिवाय फोटोतली खाच व्हिडिओतही तिथेच असेल असं धरू नकोस. प्रोफाइल बदललं की ती सरकते, लॉगमध्ये तर बरीच वर जाते. ज्या प्रोफाइलमध्ये मुलाखत काढणार आहेस त्यातच झाकण लावून पुन्हा बघ, आणि अर्धा तास रेकॉर्डिंग करून कॅमेरा तापल्यावर आणखी एकदा. आकडे इथे टाक.